पेशीच्या मापाची तार

माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण 500 कोटी तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी त्या मानाने फारच थोड्या, चाळीस लाखांपासून एक कोटीच्या आसपास. आता कर्करोग पसरू लागलेल्या रुग्णाचे तेवढेच रक्त घेतले, तर मूळ गाठीतून सुटून रक्तात उतरलेल्या पेशी त्यात किती असतील? कधी एक, कधी दहा, पुष्कळदा एकही नाही. स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेल्या स्त्रियांच्या साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी आढळल्या, तर रोगाची पुढची वाट बिकट असण्याचा संभव वाढतो, असे 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आले. साडेसात मिलिलिटर म्हणजे साडेतीन-पावणेचार हजार कोटी पेशींची गर्दी, आणि त्यात शोधायच्या पाच.

एवढी गर्दी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहणे शक्य नाही. हव्या असलेल्या पेशीला काहीतरी चिकटवून तिला बाहेर ओढता आले पाहिजे. ओढण्यासाठी चुंबक सोयीचा, कारण शरीरातल्या पेशी चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत. त्यामुळे ज्या पेशीला आपण चुंबकीय पदार्थ चिकटवू, तेवढीच हलते आणि बाकीच्या जागच्या जागी राहतात. हे काम करणारे गोल मणी गेली कित्येक वर्षे बाजारात आहेत. नॉर्वेचे रसायनशास्त्रज्ञ यॉन उगेलस्टाड यांनी 1970च्या दशकात अगदी एकसारख्या मापाचे पॉलिस्टायरीनचे मणी बनवण्याची रीत शोधली. पुढे त्या मण्यांच्या आत लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण भरले गेले, वरून ठरावीक पेशींनाच चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा लेप चढला आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते रुळले. मणी चालतात, स्वस्त आहेत, वापरायला सोपे आहेत. मग तार कशाला हवी?

हा प्रश्न बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत हाताळला गेला. डॅनिएल राइख हे तिथले भौतिकशास्त्रज्ञ. अतिशीत तापमानाला स्फटिकांमधले चुंबकत्व कसे वागते, हा त्यांचा मूळ विषय. पेशी, रक्त, कर्करोग यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्याच विद्यापीठात पीटर सीअरसन विद्युतरसायनाने धातूच्या बारीक तारा वाढवत होते, आणि ख्रिस्तोफर चेन हे जैवअभियंता पेशी आपल्या भोवतालच्या पृष्ठभागाला कशी धरते, ओढते, याचा अभ्यास करत होते. या मंडळींनी एकत्र येऊन पेशींना निकेलच्या तारा चिकटवून पाहिल्या. अ‍ॅन हल्टग्रेन, मोनिका तनासे आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांचे पहिले निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले.

तार म्हणजे केवढी? जाडी 350 नॅनोमीटर. डोक्यावरचा केस याच्या दोनशे पट जाड असतो. लांबी मात्र पाचपासून पस्तीस मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास पेशीएवढी किंवा तिच्याहून मोठी. नॅनो हे विशेषण त्यामुळे तारेच्या जाडीपुरतेच खरे आहे, आणि पुढची सगळी कथा तिच्या लांबीची आहे.

आधी ती बनते कशी ते पाहू, कारण या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आम्लात बुडवून त्याला योग्य विद्युतदाब दिला, तर त्यावर ऑक्साइडचा जो थर चढतो, त्यात सरळ, खोल, एकमेकांना समांतर अशी छिद्रे आपोआप तयार होतात. दाब कमीजास्त करून छिद्रांमधले अंतर बदलता येते, दर व्होल्टला सुमारे अडीच नॅनोमीटर या हिशेबाने. जपानचे हिदेकी मासुदा आणि केंजी फुकुदा यांनी 1995 साली याच प्रक्रियेतून छिद्रांची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नीटस रचना मिळवली. तशी छिद्रात तार ओतण्याची कल्पना त्याहूनही जुनी. जॉर्ज पोसिन यांनी 1970 साली अभ्रकात किरणोत्सर्गाने पडलेल्या मार्गांमधून चाळीस नॅनोमीटर जाडीच्या तारा काढल्या होत्या. बाल्टिमोरच्या गटाने छिद्रे पाडण्याचीही दगदग केली नाही. द्रव गाळण्यासाठी अ‍ॅल्युमिनाचे पातळ पडदे तयार मिळतात. त्यांची छिद्रे साधारण साडेतीनशे नॅनोमीटरची. तारेची जाडी ठरली ती अशी. विज्ञानातले कितीतरी आकडे असेच दुकानात काय मिळते त्यावर ठरतात, मात्र शोधनिबंधात ते मोठ्या गांभीर्याने छापले जातात.

पुढचे काम कोणत्याही प्लेटिंगच्या कारखान्यातल्या माणसाला चटकन कळेल. पडद्याच्या एका बाजूला धातूचा पातळ थर देऊन छिद्रांची तोंडे बंद करायची आणि तोच थर ऋण अग्र म्हणून जोडायचा. निकेलच्या क्षारांच्या द्रावणात पडदा बुडवून वीज सोडली, की छिद्रांच्या तळापासून निकेल साचत वर चढते. वीज किती वेळ सोडली यावर तारेची लांबी ठरते. मध्येच द्रावण बदलून सोन्याचे घेतले, तर तारेचा पुढचा तुकडा सोन्याचा होतो. मग कोमट, सौम्य कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिना विरघळवायचा. कुल्फी साच्यातून काढताना साचा शाबूत राहतो, इथे साचाच विरघळतो आणि कोट्यवधी कुल्फ्या एकाच वेळी पाण्यात तरंगू लागतात. बाटलीच्या अंगाला चुंबक लावला की त्या सगळ्या एका बाजूला गोळा होतात, वरचे पाणी ओतून टाकता येते आणि धुऊन झाले की तारा तयार.

सोने-निकेल अशा जोडतारेची मजा वेगळीच आहे. सोन्याला गंधकयुक्त रेणू घट्ट धरतात, निकेलवरचा ऑक्साइडचा थर दुसऱ्या प्रकारच्या रेणूंना पसंत करतो. त्यामुळे एकाच तारेच्या दोन भागांवर दोन वेगवेगळी कामे करणारे रेणू बसवता येतात. जॉन्स हॉपकिन्सच्याच अलीअसगर सालेम, सीअरसन आणि काम लियाँग यांनी 2003 साली अशा कांड्यांच्या एका टोकावर डीएनए आणि दुसऱ्यावर पेशीला खुणावणारे प्रथिन बसवून पेशीत जनुक पोचवून दाखवले. गोल मण्याला टोके नसतात. त्याच्या सगळ्या अंगाला एकच लेप.

आता चुंबकत्वाकडे येऊ. वीस मायक्रोमीटर लांबीच्या तारेचे घनफळ दोन घन मायक्रोमीटरहूनही कमी भरते. प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा 2.8 मायक्रोमीटर व्यासाचा मणी घेतला, तर त्याचे घनफळ साडेअकरा. मणी सहापट मोठा. तरीही तारेचे चुंबकत्व त्याच्या कित्येक पट जास्त असते, कारण तार सबंध निकेलची आहे आणि मण्यात बहुतांश प्लास्टिक. दुसरा फरक स्मरणाचा. मण्यातले लोह-ऑक्साइडचे कण इतके बारीक असतात, की बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढून घेतले की त्यांचे चुंबकत्वही विरते. लांब आणि बारीक तारेत मात्र चुंबकत्वाला लांबीच्या दिशेने राहणेच सोयीचे वाटते. आडवे वळायचे तर ऊर्जा मोजावी लागते. एकदा चुंबकित केलेली तार त्यामुळे क्षेत्र गेल्यावरही आपल्या चुंबकत्वाचा बराचसा भाग राखून ठेवते. ती स्वतःच एक इवलीशी चुंबकसूची होऊन बसते.

या तारेची ओढ किती, याचा हिशेब सोपा आहे आणि करून पाहण्यासारखा आहे. चुंबकाच्या जवळ त्याचे क्षेत्र दर मिलिमीटरला 0.05 टेस्लाने बदलते असे धरा. हातातल्या चांगल्या निओडिमियम चुंबकाजवळ एवढा उतार सहज मिळतो. आपल्या वीस मायक्रोमीटरच्या तारेवर त्यामुळे 45 ते 50 पिकोन्यूटन बल येते. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा लाख कोटीवा भाग, तेव्हा हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण पंधरा मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीचे पाण्यातले वजन भरते जेमतेम एक पिकोन्यूटन. म्हणजे एक तार त्या पेशीला तिच्या पाण्यातल्या वजनाच्या पन्नासपट जोराने खेचते. पाण्याचा विरोध वजा जाता पेशी सेकंदाला सुमारे 0.3 मिलिमीटर वेगाने सरकेल. चंचुपात्रात हा वेग काहीच नाही. केसाच्या जाडीच्या नलिकेत मात्र तो प्रचंड ठरतो, आणि इथेच मायक्रोफ्लुइडिक्सचा, म्हणजे सूक्ष्म नलिकांतून द्रव खेळवण्याच्या तंत्राचा, प्रवेश होतो.

मायक्रोफ्लुइडिक्सची नलिका शंभर मायक्रोमीटर रुंदीची असू शकते. एवढ्या अरुंद जागेत पाण्याचा स्वभाव बदलतो. नळाखाली भोवरे करणारे, उसळणारे पाणी इथे मधासारखे शिस्तीत वाहते. शंभर मायक्रोमीटरच्या नलिकेत सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक 0.1 भरतो, भोवरे उठायला तो हजारांत असावा लागतो. या जगात जिवाणू कसे पोहतात, यावर एडवर्ड पर्सेल यांनी 1977 साली लिहिलेला लेख आजही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आवडीने वाचतात. आपल्या कामाची बाब एवढीच, की अशा नलिकेत रक्ताचा एक प्रवाह आणि स्वच्छ द्रवाचा दुसरा प्रवाह शेजारी शेजारी सोडले, तर ते मिसळत नाहीत. लहान रेणू हळूहळू इकडून तिकडे पसरतात. पंधरा मायक्रोमीटरची पेशी मात्र स्वतःच्या थरथरीने शंभर मायक्रोमीटर सरकायची म्हटली, तर तिला दोन दिवस लागतील. तारवाल्या पेशीला तेवढेच अंतर चुंबकाच्या ओढीने सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात कापता येते. बाजूला चुंबक ठेवला, की तार चिकटलेल्या पेशी रक्ताच्या प्रवाहातून निघून शेजारच्या स्वच्छ प्रवाहात येतात आणि वेगळ्या तोंडाने बाहेर पडतात. बाकीच्या सरळ पुढे जातात.

अशा नलिका बनवणे पूर्वी महागडे काम होते. सिलिकॉन किंवा काच कोरावी लागे आणि त्यासाठी संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांचीच यंत्रसामग्री लागे. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 1998 साली पीडीएमएस नावाच्या पारदर्शक सिलिकोन रबरात नलिका ओतण्याची सोपी पद्धत मांडली, आणि हा विषय जीवशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळांतही पोचला. पीडीएमएसमधून ऑक्सिजन आरपार जातो, म्हणून आत पेशी जिवंत राहतात. त्यातून स्वच्छ दिसते, म्हणून सूक्ष्मदर्शक वापरता येतो.

या सगळ्यात एक अडचण मात्र उत्साहाच्या भरात मागे पडते. शंभर मायक्रोमीटर उंच, एक मिलिमीटर रुंद नलिकेतून सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने रक्त सोडले, तर एक मिलिलिटर रक्त जायला पावणेतीन तास लागतात. साडेसात मिलिलिटरसाठी जवळजवळ एक दिवस. वेग वाढवला तर चुंबकाला पेशी ओढायला वेळ मिळत नाही, नलिका रुंद केली तर अंतर वाढते. हार्वर्डशी संलग्न मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मेहमेत टोनर यांच्या गटाने 2007 साली रक्तातील कर्करोगपेशी पकडणारी जी प्रसिद्ध चिप दाखवली, तिच्यात चुंबक नव्हताच. प्रतिपिंडांचा लेप दिलेले 78,000 सूक्ष्म खांब होते आणि रक्त तासाला एक ते दोन मिलिलिटर या संथ गतीने त्यांच्यामधून जात होते. चुंबकीय तारेची थोरवी सांगताना या दुसऱ्या वाटेचा उल्लेख टाळला, तर वाचकावर अन्याय होईल.

राइख यांच्या गटाचा सर्वांत मोलाचा निष्कर्ष 2005 साली आला. त्यांनी उंदराच्या संयोजी ऊतीतल्या पेशी घेतल्या, त्यांच्यावर पाच ते पस्तीस मायक्रोमीटर अशा वेगवेगळ्या लांबीच्या तारा सोडल्या, पेशी पृष्ठभागापासून सुट्या केल्या आणि चुंबकाने वेगळ्या काढल्या. तार जितकी लांब तितके तिच्यातले चुंबकत्व जास्त, तेव्हा पस्तीस मायक्रोमीटरची तार जिंकेल, असे भौतिकशास्त्राच्या अंगाने वाटावे. तसे झाले नाही. तारेची लांबी जेव्हा सुट्या झालेल्या पेशीच्या व्यासाशी जुळत होती, तेव्हा सर्वांत जास्त पेशी हाती लागल्या. मग त्यांनी पेशींचे विभाजन थांबवणारे मायटोमायसिन-सी हे औषध देऊन पेशी मोठ्या होऊ दिल्या, तर उत्तम लांबीही बदलली. मण्यांशी तुलना केली तेव्हा त्याच परिस्थितीत तारा सरस ठरल्या. चुंबकाने पेशी वेगळ्या करण्याच्या तंत्राला यामुळे आणखी एक बटण मिळाले. आधी पेशीच्या पृष्ठभागावर कोणता रेणू आहे एवढ्यावरून निवड होत होती, आता आकारावरूनही करता येईल.

त्याच वर्षीचे तनासे यांचे काम अधिक खेळकर आहे. तारा स्वतःच चुंबक असल्यामुळे एकीचे उत्तर टोक दुसरीच्या दक्षिण टोकाला ओढते, आणि ज्यांना त्या चिकटल्या आहेत त्या पेशीही ओळीने जोडल्या जातात. द्रवात तरंगणाऱ्या पेशींच्या लांबच लांब साखळ्या तयार झाल्या. मग नलिकेच्या तळावर सूक्ष्म चुंबकांची जाळी मांडून त्यांनी पेशींना हव्या त्या जागी, रांगेत बसवले. पेशी एकमेकींशेजारी आणून ठेवता येऊ लागल्या. पेशी शेजारणीशी कशा बोलतात हा चेन यांचा जुना प्रश्न, त्यासाठी हा पट तयार झाला.

आणि 2007 साली नेथन स्निडेकी यांच्यासह चेन आणि राइख यांनी तारेला तिच्या आजवरच्या कामातून बाहेर काढले. पीडीएमएसच्या दहा मायक्रोमीटर उंचीच्या लवचिक खांबांचे रान उभे करायचे आणि पेशीला त्या खांबांच्या टोकांवर पसरू द्यायचे, हे तंत्र चेन यांच्याकडे होतेच. पेशी खांबांना स्वतःकडे ओढते, खांब वाकतात, किती वाकले त्यावरून तिचा जोर कळतो. नव्या प्रयोगात काही मोजक्या खांबांच्या आत कोबाल्टची नॅनोतार ओतलेली होती. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिले, की फक्त तेवढेच खांब वाकत आणि पेशीला एका नेमक्या बिंदूवर हिसका बसे. पेशीने काय केले? ज्या खांबावर ओढ बसली तिथली तिची पकड रुंदावली. शेजारच्या साध्या खांबांवर मात्र तसे झाले नाही. दुसरीकडे, पेशीच्या कडेच्या काही ठिकाणी तिने स्वतःचा जोर सैल सोडला. एका जागी मिळालेला धक्का पेशी सगळीकडे सारखा वाटून घेत नाही, काही भागांत त्याला विशिष्ट उत्तर देते. खांब वाकवून पेशीकडे उत्तर मागण्याची ही रीत मला पेशी वेगळ्या काढण्याच्या कामाहूनही मोठी वाटते.

मग अशी ही तार दवाखान्यात का दिसत नाही? एक कारण सरळ आहे: मणी आधी आले, नियमांच्या कसोट्या त्यांनी पार केल्या, यंत्रे त्यांच्याभोवती बनली. पुण्यात विकसित झालेल्या ‘ऑन्कोडिस्कव्हर’ या रक्तचाचणीतही कर्करोगपेशी पकडायला प्रतिपिंड लावलेले चुंबकीय सूक्ष्मकणच आहेत. दुसरे कारण निकेलचे. निकेलच्या संयुगांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात ठेवते. तिसरे कारण मात्र तारेच्या आकारातच दडलेले आहे. क्रेग पोलंड आणि एडिनबरोच्या सहकाऱ्यांनी 2012 साली निकेलच्या आखूड आणि लांब तारा उंदरांच्या फुप्फुसांत आणि पोटाच्या पोकळीत सोडून पाहिल्या. वीसेक मायक्रोमीटर लांबीच्या तारांनी दाह केला, पाच मायक्रोमीटरहून आखूड तारांनी तसा केला नाही. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना लांब, ताठ तंतू गिळता येत नाहीत. अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका याच जातीचा आहे. म्हणजे बाल्टिमोरमध्ये जी लांबी पेशी वेगळ्या काढायला उत्तम ठरली, तीच फुप्फुसात गेली तर वाईट.

यावर निकेल सोडून लोखंड घ्यावे असा मार्ग सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात युर्गन कोझेल यांच्या गटाने धरला. त्याआधी, 2015 साली, त्यांनी निकेलच्याच तारा मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींत सोडून अगदी सौम्य, बदलत्या क्षेत्राने त्या हलवल्या आणि पेशी मेल्याचे दाखवले. उष्णता निर्माण करण्याची गरजही पडली नाही. प्रयोगशाळेतल्या थाळीत हे ठीक. माणसाच्या शरीरात तारा सोडून रोग बरा करण्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात, त्यांवर मी तरी सध्या विश्वास टाकणार नाही. नलिकेत, रबरी खांबात, शरीराबाहेर काढलेल्या रक्तात या तारेची जागा पक्की आहे. तिथे ती कुणाच्या फुप्फुसात जाण्याचा प्रश्नच येत नाही.

स्निडेकी पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. 2019 साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या चिपमध्ये रक्त पीडीएमएसच्या नलिकेतून वाहते, वाटेत एक घट्ट ठोकळा आणि त्याच्यामागे एक लवचिक खांब असतो. रक्तातले बिंबाणू दोघांच्या मध्ये गोळा होतात, आकसतात, आणि खांब ठोकळ्याकडे वाकतो. किती वाकला त्यावरून बिंबाणूंची आकसण्याची ताकद कळते. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्यांमध्ये ती कमी दिसली, आणि अपघातात जखमी होऊन आलेल्या ज्या रुग्णांना पुढे रक्त चढवावे लागले, त्यांच्यात ती लक्षणीयरीत्या कमी निघाली. या चिपच्या खांबात तार नाही.